बांगडीसाठी मोजलेला हात

होळी जवळ आली की सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरू लागतात. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसे धडगावला, मोलगीला उतरतात, ढोल घुमत असतात आणि बांगड्यांच्या दुकानापुढे बायका-पोरींची दाटी झालेली असते. बांगडीवाला पोरीचा हात हातात घेतो, अंगठा आत मुडपून पंजा दाबून पाहतो आणि माप सांगून मोकळा होतो. हिला दोन-चार, तिच्या बहिणीला दोन-सहा. म्हणजे दोन इंचांवर इंचाचे चार सोळांश, किंवा सहा सोळांश. इंचाच्या आठव्या भागाएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो. चुकीच्या मापाची बांगडी चढवून काच फोडणारा माणूस या धंद्यात टिकतच नाही.

तेव्हा आपल्या समाजाला बाईच्या हाताचे माप ठाऊक नाही, ही सबब मी ऐकून घेणार नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण ते फक्त हात सजवण्यापुरते घेतो. त्याच हातात काम करायचे अवजार द्यायचे असते, वाजवायचे वाद्य द्यायचे असते, तेव्हा माप विचारायला कोणी जात नाही. पुरुषाच्या पंजाला बेतलेली वस्तू तिच्यापुढे ठेवली जाते आणि बोटे पुरली नाहीत की निकाल दिला जातो: हात लहान आहे.

हा निकाल मी पहिल्यांदा ज्या वस्तूपुढे ऐकला ती वस्तू नंदुरबार जिल्ह्यात परकी वाटेल, पण आता ती परकी राहिलेली नाही. नवापूर तालुक्यात ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. तिथल्या कितीतरी चर्चमध्ये रविवारी ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली गीते कीबोर्डच्या साथीने म्हटली जातात. लग्नसराईत टिमलीचा ठेका धरणाऱ्या बँडच्या गाडीवर ढोलाइतकाच कीबोर्ड महत्त्वाचा झाला आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनात पेटीची जागा त्यानेच घेतली. आणि या कीबोर्डच्या पट्ट्या, थोड्याफार फरकाने, पियानोच्या मापाच्या असतात.

ते माप एकदा नीट पाहावे. पियानोची एक पांढरी पट्टी साडेतेवीस मिलिमीटर रुंद असते. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंतचे अंतर साडेसोळा सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा इंच. आपल्या पेटीवादनात एक हात भात्यावर असतो आणि दुसरा एकेक सूर घेत पुढे सरकतो, त्यामुळे पंजाची रुंदी फारशी आड येत नाही. कॉर्ड वाजवायची तर तीन-चार सूर एका दमात, एकाच हाताने दाबावे लागतात. सप्तकापलीकडचा नववा सूर हवा असेल तर बोटांच्या टोकांमध्ये जवळजवळ एकोणीस सेंटिमीटर अंतर पडते, दहावा हवा असेल तर एकवीसच्या वर. ऑस्ट्रेलियात ऱ्होंडा बॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक पियानोवादकांचे ताणलेले पंजे मोजले आणि ते निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. पुरुषांची सरासरी ८.९ इंच भरली, बायकांची ७.९. पूर्ण एक इंचाचा फरक. पुरुषाला जो स्वरसमूह सहज बसतो, त्यासाठी बाईला हात ताठ होईपर्यंत ताणावा लागतो. आणि ताणलेल्या हाताने वाजवलेला सूर कधी मोकळा येत नाही.

हे माप आकाशातून पडलेले नाही. मोझार्टच्या काळी व्हिएन्नात बनणाऱ्या पियानोंच्या पट्ट्या आजच्यापेक्षा थोड्या अरुंद होत्या. पुढे पियानो लोखंडी चौकटीचा झाला, मोठ्या सभागृहांत गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांनी आजचे माप कायम केले. त्या शतकात युरोपातल्या घराघरांत पियानो शिकत होत्या त्या बहुतेक मुली. त्यांना कोणी विचारले नाही. पोलंडमध्ये जन्मलेले जोसेफ हॉफमन जगन्मान्य वादक होते आणि त्यांचे हात लहान होते. त्यांच्यासाठी स्टाइनवे कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. म्हणजे बनवता येत होते. नावाजलेल्या पुरुषाने मागितले तेव्हा कारखान्याला ते जमले, आणि हजारो मुली खांदे भरून येईपर्यंत हात ताणत बसल्या होत्या तेव्हा ते कोणाला सुचले नाही.

१८८२ साली पॉल फॉन यांको या हंगेरियन वादक-अभियंत्याने लहान हातांना लांबचे सूर घेता यावेत म्हणून पट्ट्यांची नवी, पायऱ्यापायऱ्यांची मांडणी तयार केली. त्याच वर्षी आपल्याकडे ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तरी मला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण दोन्हींचे पुढे एकच झाले. यांकोची मांडणी कारखान्यांनी आणि शिक्षकांनी बाजूला सारली. ताराबाईंचे पुस्तक स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणीपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे अडगळीत राहिले. बाईवर लावलेला दोष तिच्यात आहे की दोष लावणाऱ्याच्या मापात, असे ताराबाई विचारत होत्या. त्यांचा प्रश्न त्या काळच्या कर्त्या पुरुषांना नको होता, आणि आजच्याही पुष्कळांना नको आहे.

नवापूर तालुक्यातल्या एका गावी ओळखीच्या कुटुंबाकडे गेलो असताना, प्रार्थना संपून रिकाम्या झालेल्या सभागृहात मी एका मुलीला कीबोर्डपाशी पाहिले. आठवीतली मुलगी. डाव्या हाताने ती सा, पंचम आणि वरचा सा एकत्र धरायला पाहत होती. करंगळी खालच्या सा वर ठेवली की अंगठा वरच्या सा च्या अगदी काठाला टेकायचा आणि तिथून निसटून दोन पट्ट्यांच्या फटीत जायचा. अंगठा सावरला की मधले बोट आपोआप उचलले जायचे आणि पंचम सुटायचा. मनगट वर चढत होते, त्यापाठोपाठ खांदा कानाकडे जात होता, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. मी तिच्या कंपासपेटीतली फूटपट्टी मागितली आणि तिला पंजा ताणायला सांगितले. पट्टी पंधरा सेंटिमीटरची. ती संपली आणि तिच्याबाहेर करंगळीचे जेमतेम एक पेर उरले.

रविवारी वाजवायला तिचा मामेभाऊ बसतो. “ताई छान गाते, तिला कोरसमध्ये ठेवलंय,” घरातले मोठे माणूस मला म्हणाले, “तिचा हात लहान आहे ना.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, मायेनेच बोलत होते. भाऊ नववीत होता. थोड्या वेळाने तोही येऊन बसला तेव्हा मी पाहिले, त्याचाही हात काही मोठा नव्हता. तोही सा-प-सा धरताना अडखळत होता. त्याच मोठ्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितले, “येईल, येईल हळूहळू.”

या दोन वाक्यांत आपला सगळा समाज आहे. मुलाचा लहान हात म्हणजे अजून वाढायचा हात. मुलीचा लहान हात म्हणजे लागलेला निकाल. हे मी त्या एका घरावर ढकलत नाही. नंदुरबार-शहाद्यातल्या शिकल्या-सवरलेल्या घरांत, शिक्षकांच्या, वकिलांच्या घरांत हेच चालते. महिला भजनी मंडळे गावोगावी निघाली याचा आपण अभिमान सांगतो, आणि त्यातल्या किती मंडळांत पेटीवर आणि तबल्यावर पुरुष बसलेला असतो ते पाहत नाही. लग्नाच्या बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवणारी बाई मला आजवर दिसलेली नाही.

त्या मुलीला जे सांगायला हवे होते ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून इथे लिहितो. चार सुरांच्या कॉर्डमध्ये एखादा सूर दोनदा आलेला असतो. तो एकदाच घेतला तरी कॉर्ड तीच राहते. डाव्या हाताला सा-प-सा पुरत नसेल तर खालचा सा आणि पंचम एवढे बस. पूर्ण कॉर्डमधला एखादा सूर कमी करायचा तर आधी पंचम सोडावा, गंधार सोडू नये, कारण कॉर्ड उजळ की उदास ते गंधारच ठरवतो. सूर उलटे मांडून गंधार-पंचम-सा असे घेतले तर तीच कॉर्ड सप्तकाच्या आत बसते. अंतर फारच मोठे असेल तर सूर खालून वर झरकन एकामागून एक सोडावेत. कानाला ते एकत्रच ऐकू येतात, उलट त्यात वीणेची झाक येते. कीबोर्डला पायाने दाबायचे सस्टेन पेडल लावता येते. खालचा सूर वाजवून पेडलने धरून ठेवायचा आणि हात उचलून वरचे सूर घ्यायचे. डाव्या हाताचा सर्वांत वरचा सूर कधीकधी उजव्याच्या अंगठ्याला देता येतो. शेजारच्या दोन पट्ट्या एका अंगठ्याने दाबता येतात. आणि पंजा ताणून धरून बसायचे नाही. सूर लागला की त्याच क्षणी हात सैल सोडायचा. दुखले की थांबायचे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण आपल्याकडे दुखण्यालाच साधना म्हणायची खोड आहे. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी तरुणपणी बोटांसाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. त्यांचा उजवा हात पुढे कायमचा अधू झाला आणि वादक होण्याचे स्वप्न सुटले. अधूपणाची कारणे अभ्यासक वेगवेगळी देतात, पण ज्या शिक्षकाला मुलांची बोटे ओढून लांब करावीशी वाटतात त्याने हा प्रसंग विसरू नये.

मी सांगितले त्यातले काहीही चोरवाट नाही. लंडनच्या ज्या असोसिएटेड बोर्डाच्या पियानो परीक्षांना मुंबई-पुण्यातली मुले बसतात, त्या बोर्डाच्या नियमावलीतच लिहिले आहे की हात पुरत नसेल तिथे परीक्षार्थीने अधूनमधून कॉर्ड मोडून वाजवावी किंवा एखादा सूर गाळावा, फक्त ऐकायला ते संगीत म्हणून नीट लागले पाहिजे. रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांचा पंजा अवाढव्य होता. त्यांच्या दुसऱ्या पियानो कन्चेर्टोच्या आरंभीच्या कॉर्ड मोठमोठे वादकही मोडून वाजवतात, आणि त्यांना कोणी कोरसमध्ये जाऊन बसायला सांगत नाही. स्पेनच्या अलिसिया दे लारोचा यांची उंची पाच फूटही नव्हती, हात लहान होते, आणि विसाव्या शतकातल्या थोर पियानोवादकांत त्यांचे नाव घेतले जाते.

मात्र लारोचाबाईंचे उदाहरण देताना मला भीती वाटते. आपल्याकडे अशी उदाहरणे मुलींना धीर द्यायला कमी आणि गप्प करायला जास्त वापरली जातात. तिला जमले, मग तुला का नाही? तिने दिवसरात्र मेहनत केली, तुझीच मेहनत कमी पडते. एका असामान्य बाईने चुकीच्या मापावर मात केली, की ते माप सगळ्या सामान्य बायकांवर लादायला समाज मोकळा होतो. सावित्रीबाईंचे नाव घेऊन आजच्या मुलीला गैरसोय सोसायला सांगणारे पुढारी आपण व्यासपीठावर पाहतोच. सावित्रीबाईंनी शेणमाती सोसली ती पुढच्या पोरींनी सोसू नये म्हणून.

आता माझ्या मुख्य आरोपाकडे येतो. हा लहान हात आपल्याला नको आहे, असे मुळीच नाही.

दिवाळीच्या सुमारास नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. राज्यातली मिरचीची ही सर्वांत मोठी बाजारपेठ. ओली लाल मिरची आणून उघड्या मैदानावर वाळत घालतात, दुरून पाहणाऱ्याला जमीन पेटल्यासारखी दिसते. फोटो काढायला लोक थांबतात. फोटोत बायका लहान दिसतात, ठिपक्यांएवढ्या. जवळ गेले की दिसते ते असे: तोंडाला पदर किंवा फडके बांधलेले, ढिगापाशी बसकण मारलेली, आणि चिमटीत एकेक मिरची धरून देठ खुडण्याचे, निवडण्याचे काम सकाळपासून चाललेले. ठसक्याने डोळे सुजतात. हात कितीही धुतले तरी आग जात नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर तान्ह्या लेकराच्या तोंडाला त्या हाताने स्पर्श करता येत नाही. या कामाला बायकाच का, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले आहे: बायकांचा हात बारीक असतो, चपळ असतो, त्यांना जमते.

कापूस वेचायला तोच हात. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस अलगद काढायला बारीक बोटे बरी. निंदणीला, रोप लावायला, भुईमूग निवडायला बारीक बोटे बरी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात मोळ्या बांधायला तोच हात. जिथे मजुरी कमी तिथे लहान हात हा गुण ठरतो. जिथे चारचौघांत बसायचे आहे, कौतुक व्हायचे आहे, दोन पैसे जास्त मिळायचे आहेत, तिथे तोच हात उणा ठरतो. बँडमध्ये कीबोर्डवाल्याला मजुरी चांगली असते. पथारीवर देठ खुडणारीला किती मिळते हे नंदुरबारच्या वाचकाला मी सांगायला नको. एकाच हाताला दोन बाजारांत दोन भाव, आणि दोन्ही भाव आपण ठरवलेले. याला अज्ञान म्हणत नाहीत. हा लबाडीचा व्यवहार आहे, आणि व्यापारी, शेतकरी, शिक्षक, धर्मगुरू, आईबाप असे आपण सगळे त्यात भागीदार आहोत.

अवजारांचेही तेच. बाजारातला फवारणीचा पंप सोळा लिटरचा. भरला की वीस किलोच्या आसपास जातो. त्याचे पट्टे, त्याची दांडी, कशातच बाईचा खांदा आणि पंजा धरलेला नसतो. औषध हाताला लागू नये म्हणून हातमोजे घाला असे पत्रकात छापतात आणि दुकानात एकाच मापाचे हातमोजे ठेवतात. सैल हातमोज्यातून औषध आत उतरते. मग बाई तो काढून ठेवते, आणि बायका काळजी घेत नाहीत असा शेरा मारला जातो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हलका, दातेरी वैभव विळा तयार केला. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत शेतात राबणाऱ्या बायकांच्या शरीराची मापे घेऊन अवजारे सुधारण्याचे काम कित्येक वर्षे चालले आहे. ज्ञान आहे, आराखडे आहेत. मोलगीच्या बाजारात ते पोचत नाही, कारण विकत घेणारा पुरुष असतो आणि तो स्वतःच्या मुठीत धरून पाहतो.

या जिल्ह्याला हाताचा आणखी एक इतिहास आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. पंतप्रधान आले होते. बोटांच्या ठशांवरून गरिबातल्या गरिबाला त्याची ओळख मिळेल, असे सांगितले गेले. आज रेशन दुकानापुढच्या रांगेत “अंगठा येत नाही” हे वाक्य ऐकू आले नाही असा महिना जात नाही. माती, मिरची, कोयता, राख यांनी बोटांवरच्या रेघा झिजतात. यंत्र त्या वाचू शकत नाही, आणि म्हाताऱ्या बाईला सांगितले जाते की आजी, हात नीट धुऊन या. यंत्राला कष्टाचा हात वाचता येत नाही, हे यंत्राचे अपयश आहे. ते तिच्या हातावर टाकले जाते. कीबोर्डपाशी त्या मुलीला मिळाला तोच न्याय आजीलाही.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारे सज्जनच असतील. जिल्ह्यात पोरे उपाशी आहेत, अक्राणी-अक्कलकुव्यात बाळंतिणींना अजूनही झोळीतून खाली आणावे लागते, आणि तुम्ही पियानोच्या कॉर्डचे काय घेऊन बसलात? मी याचे उत्तर टाळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, नंदुरबार जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. दहांतल्या चाराहून अधिक मुलांची उंची खुंटलेली होती. उंची खुंटते तेव्हा हाडे खुंटतात, आणि हातही हाडांचाच असतो. आईला गरोदरपणी पोटभर मिळाले नाही, घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवली, तिच्या लेकीच्या ताटात भावाहून कमी वाढले गेले. त्यातून जो हात तयार झाला तो आपण कीबोर्डवर मोजायला निघालो आहोत. आधी आपण तिचा हात वाढू दिला नाही, आणि मग लहान हात म्हणून तिला उठवले. उपाशी पोराची काळजी आणि या मुलीची काळजी वेगळी करता येत नाही. ज्यांना पियानो चैन वाटतो त्यांनी मला सांगावे, आदिवासी मुलीच्या वाट्याला पोट भरण्यापलीकडे काही येऊच नये, हे कोणी ठरवले?

या जिल्ह्यात माणसांनी असे ठराव आधीही मोडले आहेत. तळोदा भागात गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात हजारो आदिवासींना एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायला शिकवले, कारण आदराने हाक ऐकण्याचा हक्क भुकेनंतर मागायचा नसतो. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांनी जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लोक उभे केले, आणि त्याच चळवळीत बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. त्या बायकांचे हात मोठे होते की लहान, हे कोणी मोजले नव्हते.

आणि आपल्याच संगीताकडे पाहा. गाणारा कोणत्या सुराला सा म्हणणार हे आपल्याकडे त्याच्या गळ्यावर सोडलेले आहे. कोणी काळी एकला गातो, कोणी काळी चारला. गवयाला कोणी सांगत नाही की सा इथेच आहे, तुझा गळा तू ताण. मिरजेचे कारागीर तंबोरा बनवताना मर्दानी आणि जनानी अशी दोन मापे ठेवतात. त्या मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. व्हायोलिन लहान मुलांसाठी पाव, अर्धी, पाऊण अशा मापांत मिळते. गावातला लोहार खुरपे घडवताना विचारतो, घरात कोण वापरणार? म्हणजे माणसाप्रमाणे वस्तू बेतण्याची रीत आपल्या हाडीमांसी आहे. कारखान्याचा माल आला आणि ती आपण सोडून दिली, कारण ती सोडल्याने त्रास ज्यांना झाला त्यांचे ऐकण्याची सवय आपल्याला नव्हती.

पियानोच्या बाबतीत जग थोडे हलले आहे. कॅनडाचे ख्रिस्तोफर डॉनिसन आणि अमेरिकेचे डेव्हिड स्टाइनब्युलर यांनी सप्तक सहा इंचांचे आणि साडेपाच इंचांचे अशी दोन नवी मापे पुढे आणली. नेहमीच्या पियानोत बसणाऱ्या तशा पट्ट्या बनूही लागल्या. एका इंचाने सप्तक आवळले की ज्या बायकांना नववा सूर ताणून लागत होता त्या दहावा घेऊ लागतात. आपल्या बाजारात असे माप मिळत नाही. लहान पट्ट्यांचे जे कीबोर्ड मिळतात ते बहुतेक खेळणी म्हणून विकले जातात, आणि शिक्षकही ते पाहून हसतात. त्यांनी हसणे थांबवावे. आठवीतल्या मुलीला त्यावर पूर्ण कॉर्ड धरता येत असेल, तर तिच्यासाठी तेच खरे वाद्य आहे. मोठ्या पट्ट्यांवर जायचे तेव्हा ती जाईल.

चर्चच्या समित्यांना, भजनी मंडळांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना माझे मागणे आहे. वर्गणीतून किंवा निधीतून वाद्य घ्यायचे ठरले की वाजवणाऱ्या मुलींना दुकानात सोबत न्या आणि त्यांचा हात पट्ट्यांवर ठेवून पाहा. पेडल वेगळे विकत घ्यावे लागते म्हणून ते टाळू नका. आरंभीच्या वर्गाला सप्तकाच्या आतल्या कॉर्ड शिकवा, आणि कोण वाजवणार याची पाळी लावा, त्यात मुलगा आणि मुलगी सारख्या रविवारी बसतील असे पाहा. नंदुरबारचा बहुतेक भाग पेसा कायद्याखाली येतो आणि गावाच्या गरजा ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. अनुदानावर अवजारे, पंप, हातमोजे मागवायचे असतील तेव्हा बायकांनी सभेत उठून विचारावे की ही वस्तू कोणाच्या हाताला बेतली आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या ठरावावर अंगठा किंवा सही देऊ नये.